वाळवंट, मागं पहाड

प्रत्येक खऱ्या कलावंताच्या आयुष्यात एकदा तरी वाळवंट येतं. त्या अफाट, निर्मनुष्य शांततेत तो स्वतःला भेटतो, आणि तिथून परततो तेव्हा तो पूर्वीचा माणूस उरलेला नसतो. सौंसरच्या मुकुंद घोरमाडे मास्तरांच्या आयुष्यात हे वाळवंट बसस्टँडवर आलं. पांढुर्ण्याची बस सुटता सुटता साळ्याने ते खिडकीतून ओरडून सांगितलं.

"जवाईबुवा! पडदा तुमीच रंगवाचा! वाळवंट पाहिजे, वाळवंट! मांगं पहाड!"

"कायच्यासाठी?" मास्तर बससोबत धावत म्हणाले.

"नाटकासाठी! अखतीजले! अन् कोपऱ्यात नाव टाकजा तुमचं. मोठ्ठं टाकजा!"

एवढं बोलून गजानन धुरासकट निघून गेला. मास्तर हातातली वांग्यांची पिशवी सांभाळत तिथेच उभे राहिले. भोवती कंडक्टर भांडत होते, संत्र्याच्या पेट्या टपावर चढत होत्या. मास्तरांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना कोपरा दिसत होता. उजवीकडचा, खालचा.

गजानन हा मास्तरांच्या बायकोचा, उर्मिलाबाईंचा, थोरला भाऊ. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये कारकून आणि तिथल्या नाट्यमंडळाचा सचिव. सचिवपद त्याच्याकडे आलं कारण मंडळाचं सामान ठेवलेल्या खोलीची किल्ली त्याच्याकडे होती. दरवर्षी पडदा नागपूरहून भाड्याने यायचा, आणि दरवर्षी एकच यायचा, वाघ असलेलं जंगल. मागच्या साली त्या वाघापुढे हुंडाबळीचं नाटक झालं होतं. यंदा कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या केशवरावांनी स्वतः नाटक लिहिलं, म्हणून पडदाही स्वतःचा हवा असं ठरलं.

आता नावाचं सांगायला हवं. मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवत. ड्रॉइंगचा तास म्हणजे दुसरा कोणी मास्तर गैरहजर असेल तो तास. उरलेल्या वेळात ते नावं रंगवत. किराणा दुकानांची, लुनाच्या नंबरप्लेटखालची, देवळाला दान आलेल्या पंख्यांच्या पात्यांवरची. 'स्व. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं ते तिन्ही पात्यांवर इतकं सुबक लिहीत की पंखा सुरू करायचं जिवावर यावं. पंखा फिरला की नाव जाई आणि वीज गेली की परत येई. सौंसरात त्या काळी स्वर्गवासी मंडळी बराच वेळ वाचता यायची. मास्तरांचं स्वतःचं नाव मात्र हजेरीपटाखेरीज कुठे नव्हतं. उर्मिलाबाईंच्या माहेरी त्यांची ओळख 'पाट्यावाले जवाई' अशी होती. ती ओळख कोणी वाईट हेतूने करून देत नसे, हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

घरी येऊन त्यांनी बातमी सांगितली. उर्मिलाबाई गहू निवडत होत्या.

"नाव टाकतीन म्हणे?"

"मोठ्ठं टाका म्हणाले गजाननराव."

उर्मिलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "माह्या काकूले पहिल्या लाइनीत बसवतो मी," त्या म्हणाल्या. "तिनंच ठेवलं तुमाले ते पाट्यावाल्याचं नाव."

मॅट्रिकला बसलेली मुलगी छाया पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, तुमी वाळवंट पाह्यलं हाय का?"

हा प्रश्न परीक्षेत येण्यासारखा नव्हता, त्यामुळे तिला दटावून अभ्यासाला लावण्यात आलं.

पण प्रश्न राहिला. मास्तरांनी वाळवंट पाहिलं नव्हतं. सौंसरात ते कोणीच पाहिलं नव्हतं, फक्त भूगोल शिकवणारे शालिकराम सर ते गेली अनेक वर्षं शिकवत होते. मास्तरांनी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं.

"वाळवंट म्हणजे मरुस्थल," शालिकराम सर म्हणाले. "जहाँ वार्षिक वर्षा पच्चीस सेंटीमीटरहून कमी असते. लिहून घ्या."

"दिसते कसं पण?"

"दिसते काय? नकाशात पिवळं असते."

गजाननने जिनिंगमधून मांजरपाटाचे पन्हे जोडून शिवलेला मोठा पडदा पाठवला होता. तो अंगणाच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकला. सरस उकळला, रंग कालवला, आणि मास्तरांनी खडूने आधी पांढरे त्रिकोण काढले, मग ते पिवळे भरले. संध्याकाळी उर्मिलाबाई बाहेर आल्या, पदराने हात पुसत उभ्या राहिल्या.

"हळदीचं दुकान हाय का नाटकात?"

मास्तरांनी पिवळ्यावर पांढरा हात मारला. दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन म्हणाली, बेसनाचे ढीग छान जमले. तिसऱ्यांदा पांढरं केल्यावर कापड फळीसारखं ताठ झालं आणि मास्तरांची झोप उडाली. ते जेवताना उठून पडद्याकडे जात. वर्गात मुलांना 'फुलदाणी काढा' म्हणून सांगत आणि खिडकीबाहेर बघत. सायकलवरून कुठेही निघत आणि पोचल्यावर, आपण का आलो होतो, हे लोकांना विचारत. हेडमास्तरांनी एकदा बोलावून विचारलं, "घोरमाडे, घरी सगळं ठीक आहे ना?" मास्तर म्हणाले, "घरी ठीक हाय सर. पहाडात प्रॉब्लेम हाय."

शेवटी एका रविवारी ते छोट्या लाइनच्या गाडीने रामाकोन्याला गेले. तिथे कन्हान नदी आहे आणि उन्हाळ्यात कन्हानीत पाण्यापेक्षा रेती जास्त असते. पुलाजवळच्या दरडीवर बसून त्यांनी खूप वेळ पाहिलं. रेती होती, पांढरी, उन्हाने डोळ्यांत खुपणारी. मागे सातपुड्याचे उघडे, भाजलेले डोंगर होते, एकामागे एक, शेवटचा तर आकाशातच मिसळलेला. सगळं जसं पाहिजे तसं होतं. पण मधे बारीकशी नदी वाहत होती. काठाला टरबुजांच्या वाड्या होत्या, दोन बाया कपडे आपटत होत्या, आणि रेतीत गावची मंडळी सभा भरल्यासारखी गोल करून बसून कशावर तरी जोरात वाद घालत होती.

मास्तरांनी खिशातली पेन्सिल खिशातच राहू दिली. "समदं हाय," संध्याकाळी ते उर्मिलाबाईंना म्हणाले, "पण नदी मधात आली. काही कामाचं नाही ते."

"टरबूज तरी आणाचं होतं," उर्मिलाबाई म्हणाल्या.

वाळवंट सापडत नाही तर निदान उंट तरी खरा असावा, या विचाराने मास्तर मग लोधीखेड्याकडे गेले. मेंढ्या घेऊन दरसाल येणारे राजस्थानी धनगर तिकडे एका पडीत वावरात उतरले आहेत असं बसवाल्याने सांगितलं होतं. खरंच होते. मेंढ्या होत्या, खाटा होत्या, आणि बाभळीखाली एक उंट होता. पगडीवाल्या म्हाताऱ्याने मास्तरांना चहा दिला.

"बाबा, रेगिस्तान कैसा दिखता है?" मास्तरांनी वही उघडत अधीर होऊन विचारलं.

म्हातारा विचारात पडला. "पता नहीं साहब. मैं तो हिंगणघाट की तरफ पैदा हुआ."

"कभी देखा नहीं?"

"बाप ने देखा था. बोलता था, उधर कुछ नहीं है. इसीलिए इधर आए."

उंटाने बाभळीकडे तोंड केलं होतं आणि चित्रासाठी ते फिरवण्याचं त्याला काही कारण दिसत नव्हतं. मास्तर त्याच्या पुढे गेले की तो झाडाच्या पलीकडे जाई. मास्तर पलीकडे गेले की तो अलीकडे येई. म्हातारा म्हणाला, "शरमाता है." दुपार कलल्यावर मास्तरांनी हार मानली आणि जे समोर होतं ते काढलं. म्हणून त्या पडद्यावरचा उंट पाठमोरा आहे. जाणकारांनी पुढे यात एकाकीपण पाहिलं.

उंट झाला, पण तो उभा करायला रेती नव्हती. अखतीज, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ येत चालली. पांढुर्ण्याहून येणारा प्रत्येक जण गजाननचा निरोप आणी, "झाला का?" मास्तर चिडचिडे झाले. एका दुपारी ते शाळेतून आले ते थेट उर्मिलाबाईंवर घसरले.

"या घरात माणसाले दोन मिनिटं शांती नाही! इकडं शेवया, तिकडं गोधड्या. कलावंतानं पाय कुठं ठेवाचा?"

"डोक्यावर ठेवा माह्या," उर्मिलाबाई म्हणाल्या. "शेवया माहेरी न्यायच्या हायेत. ऊन हाय तं गोधड्याही काढल्या. तुमच्या वाळवंटासाठी सूर्य निराळा हाय का?"

मास्तरांना उत्तर द्यायचं होतं. पण ते अंगणाकडे वळले आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

बाजेवर उर्मिलाबाईंनी जुनं, विटकं, बदामी लुगडं अंथरलं होतं. शेवया काढून झाल्या होत्या आणि त्यावर नुसतं पीठ उरलं होतं. वारा सुटला होता. वाऱ्याने लुगड्याला लाटा आल्या होत्या, पिठाने त्या लाटांच्या अलीकडच्या बाजू उजळल्या होत्या आणि पलीकडच्या बाजूंना सावली पडली होती. बाजेच्या मागे, बुटक्या भिंतीवर, घरातल्या सगळ्या गोधड्या एकीवर एक टाकल्या होत्या. मातकट, जांभळट, राखाडी. त्यांच्या घड्यांतून दऱ्या उतरत होत्या. टाक्यांच्या ओळी डोंगरावरच्या पायवाटांसारख्या गेल्या होत्या. सगळ्यात वरची गोधडी उन्हात इतकी फिकी दिसत होती की ती कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

"हलू नका," मास्तर पुटपुटले.

"कोन?"

"कोनीच. कोनत्याच वस्तूले हात लावू नका!"

पुढले काही दिवस घोरमाडे कुटुंबाने जमिनीवर चटई टाकून काढले, कारण अंथरुणं डोंगर होती. कावळा आला की छायाने सनावळ्या पाठ करता करता त्याला हाकलायचं, पण पीठ हलता कामा नये. एकदा शेजारणीची बकरी वाळवंटात शिरली आणि उत्तरेकडचा एक भाग चाटून गेली. मास्तरांनी तो आठवणीवरून रंगवला. त्यांच्या हाताला आता थांबणं माहीत नव्हतं. सकाळी शाळेआधी, दुपारी शाळा बुडवून, ते कुंचला घेऊन भिंतीपाशी उभे असत, आणि मागे वळून बाजेकडे असे बघत की जणू ती उठून जाईल. उन्हाने त्यांची मान सोलली. उर्मिलाबाई त्यांच्या हातात ताकाचा पेला देत आणि ते त्यात कुंचला बुडवत.

"मायबाई," उर्मिलाबाई एकदा मागे उभ्या राहून हळूच म्हणाल्या. "पाय ठेवला तं भाजन असं वाटते."

त्यांच्या संसारात मास्तरांच्या चित्राबद्दल उर्मिलाबाई काही चांगलं म्हणाल्या असतील तर एवढंच. मास्तरांनी त्या दिवशी बकरीलाही माफ केलं.

सगळ्यात शेवटी नाव आलं. त्यासाठी ते एक पूर्ण संध्याकाळ बसले. मोठं म्हटलं होतं, पण फार मोठं पाटीसारखं दिसलं असतं. लहान लिहावं तर काकूंना चष्मा. अखेर उजवीकडे खाली, अगदी काठाला, वाळूच्याच रंगाहून एक छटा गडद, हाताच्या उंचीच्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: मुकुंद घोरमाडे, सौंसर. 'घो'ची मात्रा वाऱ्याने ओढल्यासारखी किंचित तिरकी. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहीत आलेल्या हाताने ती मात्रा दोनदा पुसून तिसऱ्यांदा काढली.

अक्षय तृतीयेच्या दुपारी पडद्याची गुंडाळी बसच्या टपावर, शेवयांचा डबा उर्मिलाबाईंच्या मांडीवर, असं कुटुंब पांढुर्ण्याला पोचलं. मंडपात गजाननने माणसं लावून पडदा वर बांधून घेतला आणि सोडला. केशवराव समोर खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय आहे?"

"वाळवंट," मास्तर म्हणाले.

"आणि ते?"

"उंट हाय. मांगून हाय."

केशवराव सावकाश उठले. "घोरमाडे, माझ्या नाटकात जांबेच्या वाळवंटात दोन्ही काठांचे गावकरी लग्नाच्या बैठकीला जमतात. जांब नदी. ती मंडपामागे आहे ती."

जांबेचं नाव घेतल्यावर पांढुर्ण्यात कोणाला खूण सांगावी लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ तिच्यात उतरून एकमेकांना गोटे मारतात. त्यामुळे तिथे लग्नाची बैठक भरवणं हा केशवरावांचा धाडसी विषय होता.

"मंग नदी म्हणाचं ना गुरुजी!" गजानन कळवळला.

"मी वाळवंट म्हटलं. वाळवंट नदीचंच असतं. शुद्ध मराठी आहे. दुसरं कोणतं असतं?"

"दुसरं मोठं असते," मास्तर म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांपुढे रामाकोना आला. रेतीत गोल करून बसलेली मंडळी, मागचे डोंगर, आणि मधात येणारी, काही कामाची नसलेली नदी.

"आता एक करा," केशवराव म्हणाले. "निळा रंग घ्या, मधून नदी सोडा. उंटाचा बैल करा. कुबड काढलं की झालं."

"रंग सुकणार नाही संध्याकाळपावतर."

"मग वाघ लावू. गजानन, जुना पडदा मिळेल का?"

गजाननने मास्तरांकडे पाहिलं, मग मंडपाच्या दाराशी डबा घेऊन उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. उर्मिलाबाई नुसत्या पाहत होत्या. अशा पाहण्याला त्यांच्या माहेरी सगळे लहानपणापासून ओळखून होते.

"वाघ नागपूरले हाय," गजानन म्हणाला. "उंटावरच भागवा गुरुजी."

केशवराव पडद्यासमोर येरझाऱ्या घालू लागले. एकदा जवळ गेले, एकदा लांब. जवळ गेले तेव्हा त्यांनी नकळत हात पुढे करून एका डोंगराला बोट लावलं आणि मागे घेतलं. "तसं बरं केलंय," ते नाइलाजाने म्हणाले. मग हस्तलिखित मागवून त्यांनी नाटकातल्या पाटलाच्या तोंडी एक वाक्य घातलं.

प्रयोगाला गर्दी लोटली. पडदा उलगडत खाली आला आणि मंडपभर एकदम कुजबुज झाली, मग ती थांबली. पुढची पोरं उन्हात आल्यासारखी डोळे बारीक करून बघत होती. पाटलाचं काम करणारा गुणवंता उंटाकडे हात करून म्हणाला, "यंदा जांब अशी आटली मंडळी, का नदीत उंट फिरून राह्यले!" टाळ्या इतक्या पडल्या की त्याने ते वाक्य परत म्हटलं. दुसऱ्या अंकात त्याने ते कारण नसताना आणखी एकदा म्हटलं.

बायांच्या बाजूला पहिल्या ओळीत उर्मिलाबाई काकूंना धरून बसल्या होत्या. काकू पुढे वाकून पाहत होत्या.

"उर्मिले," त्या म्हणाल्या, "तो जांभळा पहाड पाह्यला का? तो मले वळखीचा वाटते."

"हो काकू."

"अवं, ते तं माह्याच लुगड्याचं ठिगळ हाय! तुह्या बाळंतपणात गोधडी शिवून देल्ती मी, त्यातलं!" काकूंनी मागच्या ओळीकडे वळून जाहीर केलं, "माह्या लुगड्याचा पहाड केला वो जवायानं! माह्या हातचे टाके हायेत ते!" मागच्या ओळीने ते तिच्या मागच्या ओळीला सांगितलं. काकूंनी डोळ्याला पदर लावला. "पाट्यावाला म्हणत जाओ मी त्याले. कुठं लिहिलं हाय त्याचं नाव?"

"उजवीकडं. खाली."

काकूंनी चष्मा सावरला. उर्मिलाबाईंनीही मान उंच केली. मंडपाच्या खांबाला टेकून उभे असलेले मास्तर आधीपासून तिकडेच, खालच्या बांबूकडे, बघत होते.

नाटक संपलं तेव्हा गजाननने माइक हातात घेतला. लाइटवाल्याचे आभार मानले, बिछायतवाल्याचे मानले, सतरंज्यांसाठी मारवाडी पंचांचे मानले. पडद्याच्या बांबूंसाठी लाकूडवाल्या तुळशीरामसेठचे मानले, तेव्हा तुळशीरामसेठ उठून उभे राहिले आणि त्यांना वेगळ्या टाळ्या पडल्या. जवाईबुवांचं नाव त्याने घेतलं नाही. घरच्या माणसाचं माइकवर काय घ्यायचं, ते तर पडद्यावरच आहे, असं त्याने नंतर उर्मिलाबाईंना समजावलं.

पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या काठाला बांबू लागतो. तो बसवताना खालची हातभर पट्टी बांबूला गुंडाळून शिवून घेतात.